“ह्या हायकोर्टाच्या सायबांना कोण नेमतंय ओ?” – न्यायमूर्तींच्या नेमणुकीबद्दल

तेरणाकाठ

मागच्या आठवड्यात एका पक्षकाराला घेऊन हायकोर्टात गेलो होतो. कळंब तालुक्यातला माणूस, वय सत्तरीच्या पुढे. साठवण तलावात साडेचार एकर गेली. खालच्या कोर्टानं वाढीव मोबदला दिला, संपादन करणारं महामंडळ अपिलात गेलं. निम्मी रक्कम भरलीय, बाकीची अपिलाबरोबर लटकलीय. तसं माझं तिथं काही काम नव्हतं, तिथले वकील वेगळे आहेत. पण “एकदा डोळ्यानं बघू द्या” म्हणाले, म्हणून पहाटेच्या एसटीनं निघालो. कॅरीबॅगमध्ये निवाड्याची नक्कल. घड्या पडून पडून कागद मधोमध फाटलाय, त्याला चिकटपट्टी लावलेली.

बोर्डावर आमचा नंबर शेवटून चौथा होता. न्यायमूर्ती वेळ संपल्यावरही बसले, एकेक प्रकरण नीट ऐकत होते. तरी आमच्यापर्यंत आले नाहीत. जिना उतरताना त्या पक्षकार बाबांनी विचारलं, “सायेब, येवढं मोठं कोर्ट हाय, मग जज कमी का? ह्या हायकोर्टाच्या सायबांना कोण नेमतंय ओ?”

मी म्हणालो, राष्ट्रपती.

“मग त्येंना कळवा की, जागा रिकाम्या हायत म्हणून.”

मला उत्तर सुचलं नाही. बीडच्या स्टँडवर गाडी बदलेपर्यंत मी सांगायचा प्रयत्न करत होतो आणि माझ्याच लक्षात आलं की बावीस वर्षं वकिली करून मला हे साध्या मराठीत सांगता येत नाही. म्हणून हा धागा.

मुंबई उच्च न्यायालयाला मंजूर पदं ९४. त्यात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापूर, सगळं आलं. आपल्या संभाजीनगर खंडपीठाचा असा वेगळा कोटा नाही. मुख्य न्यायमूर्ती याच ९४ मधून कोणाला कुठं बसवायचं ते ठरवतात. म्हणजे मुंबईत पद रिकामं राहिलं तरी त्याचा चटका परभणी-हिंगोलीच्या माणसाला बसतो.

नेमणूक होते घटनेच्या २१७ व्या कलमाखाली. नागरिकत्व, आणि दहा वर्षं न्यायिक पद किंवा हायकोर्टात दहा वर्षं वकिली, एवढी पात्रता. निवृत्ती ६२ व्या वर्षी. पण पात्र माणसं हजारो असतात, त्यातला एक निवडायचा कसा? तिथंच सगळी गोम आहे.

नाव निघतं हायकोर्टातच. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती, हे तिघं मिळून हायकोर्टाचं कॉलेजियम, म्हणजे नावं निवडणारं मंडळ. पद रिकामं होण्याच्या निदान सहा महिने आधी त्यांनी प्रस्ताव पाठवावा, असं कार्यपद्धतीत लिहिलंय. प्रस्ताव मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातो, त्याच वेळी एकेक प्रत केंद्रीय कायदा मंत्र्यांना आणि सरन्यायाधीशांना. राज्यानं सहा आठवड्यांत काही कळवलं नाही तर हरकत नाही असं धरायचं. मधल्या काळात गुप्तवार्ता विभाग चौकशी करतो. मग सगळा गठ्ठा सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमसमोर. तिथंही सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ. शिवाय ज्या न्यायमूर्तींना ते हायकोर्ट आतून माहीत आहे त्यांचं मत घेतात. त्यांनी होकार दिला की फाइल परत कायदा मंत्रालयात, तिथून पंतप्रधान, शेवटी राष्ट्रपतींची सही.

मग शपथ. ती राज्यपाल किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती देते.

पण बहुतेकांची ही नेमणूक पक्की नसते. २२४ व्या कलमाखाली आधी ‘अतिरिक्त’ न्यायाधीश म्हणून जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमतात, आणि नंतर कायम करतात. आपण वकील मंडळी बार असोसिएशनमध्ये म्हणतो ना, “साहेब कन्फर्म झाले”, ते हेच. कन्फर्म करताना पुन्हा निकालपत्रं तपासली जातात.

कागदावर इतके हात लागतात. तरी कॉलेजियमचे संकेतस्थळावर येणारे ठराव सोडले तर यातला एकही टप्पा असा नाही की जिथं जिल्ह्याच्या माणसाला, पक्षकाराला, किंवा साध्या वकिलाला काय चाललंय ते दिसेल. माझं दुखणं तेवढंच आहे. अंकुश आहेत, पण सगळे दाराच्या आत.

जालन्याचा मास्तर

वकीलसाहेब, फार बरं केलंत. नागरिकशास्त्राच्या तासाला मी ‘राष्ट्रपती नेमतात’ एवढंच सांगून पुढं जातो. पोरं वहीत उतरवतात, विषय संपतो. दोन शंका. एक, कॉलेजियम हा शब्द घटनेत आहे का? आणि दुसरी, सरकारनं नाव अडवलं तर पुढं काय?

तेरणाकाठ

मास्तर, घटनेत हा शब्द नाही. २१७ मध्ये आहे ते ‘विचारविनिमय’: सरन्यायाधीश, राज्यपाल आणि त्या हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी. त्या एका शब्दावरून तीन मोठे निकाल झाले.

२४ मे १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी यावर उत्तर दिलंय. इंग्लंडसारखं सगळं सरकारच्या हाती नको, अमेरिकेसारखी सिनेटची मंजुरीही नको. सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करा, अशी सूचना होती, तीही त्यांनी नाकारली. कारण सरन्यायाधीश कितीही मोठे असले तरी माणूसच, त्यांनाही आपल्यासारखेच राग-लोभ. म्हणून मधला मार्ग: सल्ला घ्या.

त्या मधल्या मार्गाचं आणीबाणीत काय झालं बघा. १९७६ मध्ये सोळा हायकोर्ट न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. आपल्या मुंबई हायकोर्टातले अतिरिक्त न्यायमूर्ती यू. आर. ललित यांना कन्फर्मच केलं नाही. मुदत संपली, ते वकिलीत परतले. दोन वर्षांची अतिरिक्त नेमणूक हे किती धारदार हत्यार आहे ते तेव्हा कळलं. कोणाला काढावं लागत नाही, नुसतं कायम करायचं नाही. (त्यांचेच चिरंजीव उदय ललित २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले.)

१९८१ च्या पहिल्या न्यायाधीश खटल्यात कोर्टानं तरीही सरकारचाच शब्द वरचढ ठेवला. १९९३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं ते उलटवलं आणि न्यायव्यवस्थेच्या मताला अग्रक्रम दिला. १९९८ मध्ये राष्ट्रपती नारायणन यांनी विचारलेल्या प्रश्नांवर तिसरं मत आलं आणि कॉलेजियमचं आजचं रूप ठरलं.

दुसरी शंका. सरकार नाव एकदा परत पाठवू शकतं, कारण देऊन. कॉलेजियमनं तेच नाव एकमतानं पुन्हा पाठवलं तर नेमणूक व्हायला हवी. पण ‘व्हायला हवी’ आणि ‘झाली’ यांत किती महिने जातात, ते खाली कोणीतरी सांगेलच.

श्रुती_लॉ

मी सांगते सर. आमच्या कॉलेजात याच विषयावर मी बोलले होते. मुंबई हायकोर्टासाठी ॲड. सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलं. नोव्हेंबरमध्ये सरकारनं फेरविचारासाठी परत पाठवलं. कारण काय, तर सोशल मीडियावर त्यांनी मतं मांडली होती. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमनं ठराव करून पुन्हा तेच नाव दिलं आणि कारणही लिहिलं: नागरिक म्हणून मत मांडल्यानं कोणी अपात्र ठरत नाही. नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. पुन्हा पाठवल्यावरसुद्धा दहा महिने!

आणि एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच वेळापत्रक घालून दिलेलं होतं. गुप्तवार्ता विभागाला चार ते सहा आठवडे, नंतर केंद्राला आठ ते बारा आठवडे, पुन्हा पाठवलेल्या नावावर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक. तीन-चार आठवडे कुठं आणि दहा महिने कुठं.

मला वाटतं सरकारचा खरा नकाराधिकार हाच आहे, गप्प बसण्याचा. ‘नाही’ म्हटलं तर कारण लिहावं लागतं. फाइल ठेवून दिली तर काहीच लिहावं लागत नाही.

अंबाजोगाईकर

ताईंचं म्हणणं मान्य. पण सगळा दोष सरकारच्या पदरात टाकू नका. मी कॉलेजियमच्या बाजूनं अजिबात नाही आणि ते उघड बोलायला पाहिजे.

तीन माणसं बंद खोलीत बसतात, आपल्यातलेच पुढचे निवडतात. कोणाचं नाव का घेतलं नाही, हे कोणालाच कळत नाही. हायकोर्टात २०१८ पासून नेमलेल्यांत तीन-चतुर्थांशांहून जास्त खुल्या प्रवर्गातले, हे कायदा मंत्रालयानं संसदेतच सांगितलंय. बायका किती, दलित किती, भटके-विमुक्त किती, ओबीसी किती? ऊसतोड्याच्या घरातली पोरगी पहिल्या पिढीची वकील झाली, तिला कोणत्या न्यायमूर्तींच्या घरी ओळख असणार? नाव निघायला आधी कोणाच्या तरी नजरेत भरावं लागतं. आणि मुंबईतल्या चेंबरमध्ये जे नजरेत भरतं, ते माजलगावच्या कोर्टात उभं राहून भरत नाही.

संसदेनं २०१४ मध्ये ९९ वी घटनादुरुस्ती केली, न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सहा जण: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदा मंत्री आणि दोन मान्यवर. त्या दोघांपैकी एक तरी अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा महिला असणार होता. १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतानं तो रद्द झाला. विरोधात एकटे न्या. चेलमेश्वर. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेनं जवळपास एकमतानं केलेला कायदा चार जणांनी पुसला, याचं मला आजही दुःख आहे.

आणि कॉलेजियमच निवडतं म्हणून राजकारण थांबलं का? २०२५ मध्ये आपल्याच हायकोर्टासाठी एका पक्षाच्या माजी प्रवक्त्यांचं नाव आलं, वाद झाला, नेमणूकही झाली.

तेरणाकाठ

अंबाजोगाईकर, तुमचं दुःख मी हलक्यात घेत नाही. प्रतिनिधित्वाचा मुद्दा तर शंभर टक्के खरा.

पण आयोगातली एक तरतूद आठवा. सहांपैकी कोणत्याही दोघांनी नको म्हटलं की नाव गेलं. म्हणजे कायदा मंत्री आणि एक मान्यवर एकत्र आले की सरन्यायाधीशांसह तिन्ही न्यायमूर्तींचं मत वाया. आणि ‘मान्यवर’ म्हणजे कोण, याची व्याख्याच नव्हती. हायकोर्टात सर्वांत मोठा पक्षकार कोण आहे? सरकार. माझ्या बाबांच्या अपिलात समोर सरकारचंच महामंडळ आहे. त्या पक्षकाराच्या हातात न्यायमूर्ती नाकारायची चावी द्यायला माझं मन धजत नाही.

राजकीय भूतकाळाबद्दल: न्या. कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळात मंत्री होते. पुढं हायकोर्ट, मग सर्वोच्च न्यायालय. गरिबांसाठी त्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा पक्षात होता म्हणून माणूस बाद, असं मी म्हणणार नाही. मात्र तो भूतकाळ कॉलेजियमला माहीत होता का, त्यावर चर्चा झाली का, हे ठरावात लिहिलेलं असावं. लोकांना कारण वाचायला मिळायला पाहिजे.

लातूरकर_न्यूजर्सी

इथं अमेरिकेत नेमकं उलटं आहे, म्हणून लिहितो. सर्वोच्च न्यायालयासाठी राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेटच्या समितीपुढं जाहीर सुनावणी होते, मग शंभर सिनेटर मतदान करतात. उमेदवाराला तासन्‌तास प्रश्न विचारतात आणि आपण घरी बसून टीव्हीवर बघतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भारावून गेलो होतो. असं आपल्याकडं पाहिजे, असंच वाटलं.

नंतर नंतर दुसरी बाजू दिसली. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव ५८ विरुद्ध ४२ मतांनी पडलं, ते निदान उघड चर्चा होऊन. पण २०१६ च्या मार्चमध्ये ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं, तर सिनेटनं सुनावणीच घेतली नाही, निवडणूक जवळ आली म्हणून. आणि २०२० मध्ये निवडणूक आठवड्यावर असताना एमी बॅरेट यांना महिन्याभरात ५२–४८ नं मंजुरी दिली. दोन्ही वेळी सिनेटमध्ये बहुमत एकाच पक्षाचं. एकदा नेमले की संघीय न्यायाधीश तहहयात, त्यामुळं एकेका खुर्चीसाठी जीव खाऊन भांडतात.

म्हणजे दार उघडं ठेवलं तरी फाइल दाबून ठेवता येतेच. फक्त कोणी दाबली हे सगळ्यांना माहीत असतं. मला तो फरक मोठा वाटतो.

निवृत्त लघुलेखक

चर्चा वकिलांमधून होणाऱ्या नेमणुकांवरच चाललीय. साधारण एक-तृतीयांश जागा जिल्हा न्यायाधीशांमधून भरतात. मी एकतीस वर्षं जिल्ह्याच्या कोर्टांत टंकलेखन केलं, त्या बाजूचं थोडं सांगतो.

एका साहेबांकडे मी सहा वर्षं होतो. नाव सांगत नाही. रात्री साडेनऊला डिक्टेशन संपायचं. साक्षीदार अशिक्षित असला तर त्याचं वाक्य त्याच्याच बोलीत नोंदवायला लावायचे. “पोरगं इहिरीत पडलं” असं बाई बोलली, मी “मुलगा विहिरीत पडला” टाइप केलं, तर खोडायला लावलं. पुढं त्यांची निकालपत्रं हायकोर्टानं मागवली. न्यायमूर्तींची समिती ती वाचून शेरा देते. मी स्वतः गठ्ठे बांधले, दोरीला लाख लावली.

नाव पुढं गेलं असं कानावर आलं. मग काहीच नाही. जिल्हा न्यायाधीशाला वर जायची संधी येते तीच अठ्ठावन्नच्या आसपास. वर निवृत्ती ६२ ला. फाइल वर्षभर पडून राहिली की माणूस तिथंच वयानं बाद होतो. साहेब जिल्हा न्यायाधीश म्हणूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी खुर्चीला हात लावून नमस्कार केला, एवढंच.

वकिलाला उशीर झाला तर त्याची ज्येष्ठता जाते. आमच्या माणसांची संधीच जाते.

जालन्याचा मास्तर

काका, वाचून गलबलून आलं. ते ‘इहिरीत’ मी वर्गात सांगणार.

गोदाकाठ

नांदेडहून. थोडं अवांतर, पण मराठवाड्याच्या माणसानं विसरू नये असं.

१९५६ पर्यंत आपण हैदराबादच्या हायकोर्टाखाली होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि न्याय मागायला मुंबई गाठावी लागली. खंडपीठासाठी वकील आणि जनतेनं वर्षानुवर्षं मागणी केली. शेवटी २७ ऑगस्ट १९८१ ला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१(३) कलमाखाली औरंगाबादला पीठ बसवलं. त्यालाही आव्हान दिलं गेलं, सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला. कायम खंडपीठ झालं १९८४ च्या २७ ऑगस्टला. मराठवाड्याचे आठ जिल्हे, शिवाय नगर, जळगाव, धुळे, नंदुरबार.

कोर्ट दारात आणायला पंचवीस वर्षं लागली. त्या कोर्टात बसायला माणूस पाठवायला वर्ष लागावं, हे मला सहन होत नाही. इथल्या मातीतले न्यायमूर्ती नेमले की काय होतं तेही आपण पाहिलंय. बीडचे न्या. नरेंद्र चपळगावकर घ्या. कायदाही जाणत होते आणि इथल्या माणसाची भाषाही.

श्रुती_लॉ

कन्फर्म न करण्याबद्दल एक वेगळी बाजू. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या एका अतिरिक्त न्यायमूर्तींनी पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) प्रकरणात ‘त्वचेचा त्वचेला स्पर्श’ नाही म्हणून लैंगिक अत्याचाराचं कलम लागत नाही, असा निकाल दिला. देशभर संताप झाला. कॉलेजियमनं त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली, पुढं एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, नंतर त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला.

तो निकाल चूकच होता, माझ्या मनात शंका नाही. पण एक प्रश्न छळतो. ललित साहेबांच्या वेळचं आणि हे, हत्यार एकच. चांगला निकाल देणाऱ्यावरही चालतं आणि चुकणाऱ्यावरही. दोन वर्षं डोक्यावर टांगती तलवार ठेवून न्यायमूर्तींनी निर्भयपणे निकाल द्यावा, ही अपेक्षा बरोबर आहे का?

तेरणाकाठ

श्रुती, बरोबर नाही, असं माझं मत. अतिरिक्त न्यायाधीश हे पद घटनेत तात्पुरतं वाढलेलं काम उपसायला आहे. आपण त्याचं उमेदवारीचं पद करून टाकलंय. कायम न्यायमूर्तींना काढायचं तर संसदेत दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. २०११ मध्ये कलकत्त्याच्या न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेत ठराव मंजूर झाला, लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. एवढा मोठा उंबरठा कायम न्यायमूर्तींना, आणि अतिरिक्त न्यायमूर्तींसाठी फक्त एक न निघालेला आदेश.

लातूरकरांचा मुद्दा मला सगळ्यांत पटला: कोणी दाबली ते माहीत असतं. आपल्याकडं ऑक्टोबर २०१७ पासून कॉलेजियमचे ठराव संकेतस्थळावर येतात. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमणुकीची सगळी प्रक्रिया, मंजूर झालेली नावं, कोणी न्यायमूर्तींचे नातेवाईक आहेत का, हेही टाकलं. चांगलंच झालं. पण फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे आणि किती आठवडे आहे, हे अजून आपल्याला बघता येत नाही. तहसीलमध्ये फेरफाराचा अर्ज कुठं अडकलाय ते मोबाइलवर दिसतं. माणसाचं नाव गुप्त राहू द्या, त्यात त्याची अब्रू असते. पण प्रस्ताव कधी निघाला, राज्याकडून कधी आला, केंद्रात कधीपासून आहे, एवढ्या तारखा तरी दाखवा. माझी मागणी एवढीच आहे, आणि आमच्या बारच्या पुढच्या बैठकीत मी ती लेखी मांडणार आहे.

बाबांचा काल फोन आला होता. म्हणाले, बीडपर्यंत तुम्ही काय सांगितलं ते घरी आल्यावर पोराला सांगायला गेलो, निम्मं विसरलो, कागदावर लिहून द्या. म्हणून एक पान करतोय. कोणाकडून कोणाकडं, कुठं किती आठवडे. मराठीत, मोठ्या अक्षरात. मास्तर, तुम्ही तपासून द्याल का?

जालन्याचा मास्तर

पाठवा साहेब. सोमवारी नववीच्या फळ्यावर काढून बघतो. पोरं जिथं अडतील तिथं खूण करून परत पाठवतो.